शेवाळाच्या अर्काची परीक्षा

मी तपकिरी शेवाळाचा अर्क बोलतोय. नीट ऐका. दोनदा सांगायची मला सवय नाही.

माझा जन्म समुद्रातल्या खडकावरचा. भरतीला लाटांचे तडाखे, ओहोटीला उन्हाचे चटके. तरी आमचं शेवाळ फाटलं नाही, सुकलं नाही, कारण त्याच्या अंगात बुळबुळीत द्रव्य असतं. माणसं त्यावरून घसरतात आणि शिव्या शेवाळाला देतात.

शिव्या न देणारी एक बाई भेटली. ती प्रयोगशाळेत संशोधन करते. गुडघाभर पाण्यात उभं राहून तिनं कात्रीनं फक्त शेंडे कापले. बुंधे राहू दिले, पुन्हा वाढावेत म्हणून. ती मला तिथंच पटली.

मग धुणं, सावलीत वाळवणं, दळणं, कोमट पाण्यात ढवळणं, गाळणं, आटवणं. शेवटी बाटलीच्या तळाशी चिमूटभर फिकट पूड उरली. तोच मी. सूज उतरवायचा गुण माझ्यात आहे का, हे तिला बघायचं होतं.

तिचे वडील जन्मभर जाळी विणत आले. आता त्यांच्या बोटांचे सांधे सुजून टम्म झालेत. सुतळीची गाठ बसत नाही. लेकीचा डबा घेऊन ते रोज प्रयोगशाळेत यायचे.

"काय म्हणतोय तुझा चिखल?"

"बाबा, अर्क म्हणतात त्याला."

"म्हणू देत. चमचाभर दे की."

"माणसांना द्यायचा नाही अजून."

"मी कुठला माणूस? तुझी आई मला खांब म्हणते."

ती हसली, पण तिनं बाटली फ्रीजमध्ये ठेवून कुलूप लावलं.

एका बशीत जिवंत पेशी होत्या. तिनं त्यांच्यात मुद्दाम दाह, म्हणजे सूज आणणारी जळजळ, उठवला आणि मला सोडलं. दुसऱ्या दिवशी दाहाचं नाव नव्हतं. प्रयोगशाळेचे साहेब धावत आले. "बाई, जिंकलात. मी वर कळवतो." मलाही मोठा गर्व झाला.

"आता तरी दे," वडील म्हणाले आणि हात पुढे केला.

तिनं त्या बोटांकडे बघितलं. किल्ली कुलपापर्यंत नेली, मग खिशात टाकली. "आधी पेशी जिवंत आहेत का बघते."

तिनं बशीत निळा रंग घातला. हा रंग फक्त मेलेल्या पेशीत शिरतो. सूक्ष्मदर्शकातून पाहिलं, तर सगळं निळं. मी दाह शमवला नव्हता, पेशीच मारल्या होत्या. मेलेल्याला कसला दाह?

"मी तर वर सांगून बसलो," साहेब म्हणाले.

"मग पुन्हा सांगा. मात्रा जास्त झाली, चूक माझी."

वडिलांनी हात मागे घेतला.

मग तिनं मला पाण्यात पातळ केलं. पुन्हा पुन्हा केलं. आता पेशी जगतात आणि दाह निम्म्यावर येतो. निम्म्यावरच. तिला तेवढं पुरतं. खोट्या यशापेक्षा हे निम्मं मलाही मोठं वाटतं. पुढं अजून कितीतरी परीक्षा आहेत, आणि त्यात मी कदाचित नापासही होईन.

परवा शेजारचे एक गुडघेदुखीवाले गृहस्थ वडिलांबरोबर आले. "लेक तुमचीच ना? थोडा काढून द्या गुपचूप."

"लेक माझीच आहे," वडील म्हणाले, "म्हणून तर मिळणार नाही. चला, मी जिन्यावर हात देतो."

मी फ्रीजमध्ये आहे, थंडीत, ताठ. माझी वाट जरूर बघा. पण ती बाई हो म्हणेपर्यंत मला तोंड लावू नका.