वाकडी नळी आणि बारा गुण

मी सतरा वर्षं सहयोगी प्राध्यापक होतो. इतका काळ कुणाशी सहयोग करत होतो, हे सुदैवाने कुणी विचारलं नाही. निवृत्तीला चौदा महिने उरले आणि प्राध्यापकपदाच्या मुलाखतीची माझी तिसरी आणि शेवटची पाळी आली. आधीच्या दोन्ही वेळा मी गुणांत मार खाल्ला होता.

आमच्या विद्यापीठात माणूस शिकवतो कसा हे मोजत नाहीत. ते मोजता येत नाही, असं एका समितीने अकरा बैठका घेऊन ठरवलं होतं. त्याऐवजी त्याने बाहेर काय काय मिळवलं ते मोजतात, आणि त्यासाठी बावीस पानी फॉर्म असतो. परिषदेत निबंध वाचला की तीन गुण. सत्राचं अध्यक्षपद भूषवलं की दोन. समितीचं सदस्यत्व एक, आणि त्या समितीची कधी बैठक झाली तरीही एकच.

मी काही हातावर हात ठेवून बसलो नव्हतो. 'रसायन आणि आनंद' हा निबंध तीन परिषदांत वाचला होता. दुसऱ्या वेळी त्याचं नाव 'आनंद आणि रसायन' होतं आणि तिसऱ्या वेळी 'आनंदाचं रसायन'. एका सत्राचा अध्यक्ष होतो, तिथे वक्ताच आला नाही. मी त्याचे वेळ पाळल्याबद्दल आभार मानले आणि सत्र संपवलं. श्रोते दोन होते, त्यातला एक ध्वनिक्षेपक परत न्यायला थांबला होता. अशा कष्टाने जमवलेल्या पुंजीवर आमच्या घरी मात्र कुणाचा विश्वास नव्हता. बायकोचा धाकटा भाऊ सहा वर्षांपूर्वीच प्राध्यापक झाला होता. तिने त्यावरून मला एका शब्दानेही कधी हिणवलं नाही. फक्त भावाचा फोन येऊन गेला की ती म्हणायची, "प्राध्यापकांचा फोन होता. तुमची चौकशी करत होते."

फॉर्म तपासायचं काम आस्थापना विभागातल्या एका बाईंकडे होतं. सगळे त्यांना वजाबाई म्हणत, कारण त्यांनी गुण वाढवल्याची विद्यापीठाच्या इतिहासात नोंद नव्हती. त्यांनी माझे तीन निबंध शेजारी शेजारी ठेवले, चष्मा वर केला, आणि लाल शाईने दोन खोडले. सत्राच्या अध्यक्षपदाला त्यांनी वक्त्याची सही मागितली. तासाभरात मी बारा गुणांनी कमी भरलो.

मी उठायला लागलो, तेव्हा त्या म्हणाल्या, "बसा. हे काय आहे?"

तो माझा अकरा वर्षांपूर्वीचा चार पानी शोधनिबंध होता. जवळजवळ सारखी असणारी दोन तेलं एकमेकांपासून वेगळी कशी करावीत, असा त्याचा विषय. ती तशी वेगळी होत नाहीत हे पुढच्याच वर्षी एका परक्याने सिद्ध केलं होतं आणि मी तो विषय मनातून काढून टाकला होता. पण वजाबाईंनी संगणकावर पाहिलं होतं. त्या निबंधाचा दोनशे बारा ठिकाणी उल्लेख झाला होता. माझ्या तेलांचं नाव त्यांपैकी कुणीच काढलं नव्हतं. सगळ्यांना हवी होती ती निबंधातल्या आकृतीतली काचेची नळी: चंबूतून सरळ वर जाणारी, मग कोपरातून वळावी तशी आडवी होणारी, आणि त्या वळणावर लिंबाएवढा फुगा असलेली. वाफ तिच्यातून जाताना फार सुंदर वागते म्हणे. परदेशांतल्या प्रयोगशाळांमध्ये तिला माझ्या आडनावाने ओळखत होते. फुगा नेमकं काय करतो यावर दोन पंथही पडले होते. एका पंथाच्या मते वाफ तिथे विसावा घेते, दुसऱ्याच्या मते ती तिथे विचार बदलते. मला यातलं काहीच ठाऊक नव्हतं, कारण माझ्या विषयातलं वाचन मी प्रकृतीच्या कारणास्तव बंद केलं होतं.

"स्वतः योजलेलं आणि इतरत्र वापरात आलेलं उपकरण," वजाबाईंनी नियम वाचला, "बारा गुण." आणि त्यांनी लाल पेनाला टोपण लावलं. त्यांच्याकडून याहून मोठा आनंदोद्गार मी ऐकलेला नाही. अट एकच होती. ही नळी मला कशी सुचली याचं एक पानी टिपण जोडायचं; मुलाखतीत त्यावरच प्रश्न विचारले जाणार होते.

नळी मला कशी सुचली हे विचारायला मी तळघरात गेलो.

तळघरात आमच्या विभागाचं काचकाम चालायचं, आणि ते मामा करायचे. ते कुणाचेच मामा नव्हते, पण कुलगुरूंपासून शिपायापर्यंत त्यांना सगळे मामाच म्हणत. फुटलेला चंबू वर जोडायला कुणी तयार नसलं की माणूस जिना उतरून मामांकडे यायचा. खोलीत एक लांबट टेबल, त्यावर निळी ज्योत, भिंतीला टेकून नळ्यांच्या जुड्या, आणि पायाखाली काचांचा असा चुरा की आपण काही बोललो तरी आधी तोच बोलायचा. मामांच्या उजव्या हाताच्या दोन बोटांना ठसेच उरले नव्हते. हजेरीचं यंत्र आल्यापासून ते रोज गैरहजर असायचे आणि महिन्याच्या शेवटी खुलासा द्यायचे.

मी त्यांना विचारलं, की अकरा वर्षांपूर्वी आपण ती नळी वाकडी का केली होती. 'आपण' हा शब्द मी मुद्दाम वापरला.

मामांनी ज्योत बारीक केली. "तुमचं ते वाफा ओढणारं कपाट आहे ना, त्याचं छत बुटकं. सरळ नळी वर टेकत होती. मी म्हटलं कपाट बदलून घ्या, तर तुम्ही म्हणालात अर्ज कोण करणार. मग वाकवली."

मी फुग्याचं विचारलं.

"ते होय? तुम्ही डोक्यावर उभे होतात, आजच पाहिजे, आजच पाहिजे करत. घाईत वळणावर तडकली. दुसऱ्या कुणाच्या तरी कामातला एक फुगा उरला होता, तो मध्ये जोडून दिला. का? गळतीय का?"

गळत नव्हती. दोन पंथ तिच्यावर उभे होते.

त्या संध्याकाळी मी टिपण लिहिलं. बाष्पाच्या प्रवाहाचं माझं दीर्घ चिंतन, अवकाशाच्या मर्यादेतून मला झालेला साक्षात्कार (म्हणजे कपाटाचं छत), आणि संक्रमणबिंदूवर मी हेतुपुरस्सर योजलेली पोकळी. वाचताना मला माझ्याबद्दल आदर वाटू लागला, आणि असं क्वचित घडतं म्हणून मी ते बायकोला वाचायला दिलं. तिने एका पानात अकरा वेळा 'मी' मोजला. मग विचारलं, यात मामा कुठे आहेत. मी तिला शेवटून तिसरी ओळ दाखवली: 'उपलब्ध साधनसामग्रीच्या साहाय्याने'.

"साधन की सामग्री?" तिने विचारलं आणि कागद परत दिला.

मी म्हटलं, मूळ निबंधातही मी आभार मानले होते. ते खरंच होतं. विभागप्रमुखांचे, ग्रंथालयाचे, आणि अखंड वीजपुरवठ्याबद्दल संबंधितांचे.

मुलाखतीला समितीत कुलगुरू होते आणि बाहेरून आलेले एक तज्ज्ञ. बाकीचे तिघं होते, पण ते मान हलवण्यापुरते. कुलगुरूंना मी प्राध्यापक व्हावं असं मनापासून वाटत होतं, कारण मी झालो की चौदा महिन्यांत जागा पुन्हा रिकामी. त्यांनी माझं टिपण स्वतःच वाचून दाखवलं आणि 'साक्षात्कार' या शब्दावर थोडे थांबले. सगळं माझ्या बाजूने होतं. तज्ज्ञांनी शेवटी हात वर केला, बॅग उघडली आणि टॉवेलात गुंडाळलेली एक नळी टेबलावर ठेवली. ती वळणावर मोडलेली होती.

हा माणूस मला अडवायला आला नव्हता, हे माझं दुर्दैव. तो अडवायला आला असता तर मी तीस वर्षांच्या अनुभवावर निभावलं असतं. तो शिकायला आला होता. त्याच्या प्रयोगशाळेत माझ्या नावाच्या नळ्या महिन्याला चार मोडत होत्या, त्याने नऊ कारागीर करून पाहिले होते, आणि आता तो वही उघडून, पेन सरसावून माझ्या तोंडाकडे पाहत होता. वाकवताना आच वळणावर द्यायची की दोन्ही बाजूंना? आणि नंतर थंड कशी करायची?

मी आधी घसा साफ केला. मग पाणी मागितलं. ते प्यायलो. खोलीतल्या सगळ्यांना वाटलं, मी उत्तराची मांडणी करतोय.

"त्यासाठी मामांना विचारावं लागेल," मी म्हणालो.

तज्ज्ञांनी विचारलं, हे मामा कुठल्या विद्यापीठात असतात. मी म्हटलं, खाली. आणि तो भला माणूस लगेच उठला. तज्ज्ञ उठले म्हणून कुलगुरू उठले, कुलगुरू उठले म्हणून बाकीचे. अशा रीतीने माझी मुलाखत दोन जिने उतरून तळघरात गेली.

मामांनी इतकी माणसं एकदम कधी पाहिली नव्हती. त्यांनी कुलगुरूंना एवढंच सांगितलं, की तिथे उभं राहू नका, काच आहे. मग तज्ज्ञांची मोडकी नळी उजेडात धरली, आणि ती करणाऱ्याबद्दल जे वाटलं ते मनात ठेवून नवी नळी ज्योतीवर घेतली. आच वळणाच्या दोन्ही बाजूंना द्यायची. नळी फिरवत राहायची. काच मधासारखी जड झाली की हात सैल सोडायचा. "ढकलायचं नाही," मामा म्हणाले, "ती आपल्या वजनाने वळते. आपण फक्त थांबायचं. लोकांना थांबवत नाही." मग गरम वाळूत पुरायची आणि उद्यापर्यंत विसरून जायची. तज्ज्ञ भराभरा लिहून घेत होते. त्यांच्या कोटाच्या बाहीला काजळी लागली होती आणि त्यांना पत्ता नव्हता.

शेवटी वही मिटता मिटता त्यांनी सहज विचारलं, की हे वळण आणि हा फुगा, ही मूळ कल्पना नेमकी कुणाची.

मामांनी माझ्याकडे पाहिलं. माझी शेवटची पाळी आहे हे त्यांना माहीत होतं. सगळ्या इमारतीला माहीत होतं. तळघरात घाम येत नाही, तरी मला येत होता.

"सरांनी आकृती दिली होती," मामा म्हणाले. "मी काय, हात चालवले."

कुलगुरू म्हणाले, झालं तर मग. मला आता काहीच करायचं नव्हतं. नुसतं गप्प उभं राहिलो असतो तर जिना चढेपर्यंत मी प्राध्यापक झालो असतो.

खोट्याचं मला वावडं नाही, हे एव्हाना तुमच्या लक्षात आलंच असेल. पण माझं प्रत्येक खोटं गुणांसाठी होतं. त्याला रकाना होता, पान क्रमांक होता. मामांच्या सेवापुस्तकात रकाने दोनच, रजा आणि उशीर. एवढं नेटकं, एकही शब्द जास्त नसलेलं खोटं त्या माणसाने फुकट वापरून टाकलं होतं, आणि पुन्हा ज्योतीकडे वळून तो बर्नरची चावी बंद करत होता. मला एकदम लाज वाटली. सवय नसल्यामुळे ती काय आहे हे ओळखायला जरा वेळ लागला.

"आकृती मी नंतर काढली," मी म्हणालो. "भांडं समोर ठेवून. तीही नीट आली नव्हती."

मग कपाटाचं छत, मी न केलेला अर्ज, तडकलेली नळी आणि उरलेला फुगा, सगळं सांगून टाकलं. तज्ज्ञ आधी गंभीर झाले, आणि मग विसावा पंथाचे आपल्या गावचे प्रमुख आठवून इतके हसले की त्यांना स्टुलावर बसावं लागलं. कुलगुरू हसले नाहीत. ते काचेकडे बघत, पाय जपून टाकत जिन्याकडे गेले.

पंधरा दिवसांनी पत्र आलं. 'उमेदवार प्रामाणिक असल्याचे समितीच्या निदर्शनास आले. तथापि त्यासाठी गुणांची तरतूद नसल्याने निवड करता येत नाही.' मी ते बायकोला वाचून दाखवलं. तिने पुन्हा वाचायला लावलं. मग म्हणाली, की लग्नाला तीस वर्षं होऊन गेली, एवढी गोष्ट तिला कुणी लेखी कळवली नव्हती. संध्याकाळी तिच्या भावाचा फोन आला तेव्हा ती म्हणाली, हे जरा कामात आहेत. मी सोफ्यावर पडलो होतो.

मामा मात्र माझ्याशी चार दिवस बोलत नव्हते. पाचव्या दिवशी बोलले ते असं: "मी एवढं जुळवून आणलं, आणि तुम्ही ढकललंत. तुम्हालाही थांबवलं नाही ना?"

त्यांच्या हातात तज्ज्ञांचं पत्र होतं. आठवडाभर येऊन आमच्या नऊ जणांना शिकवा, अशी विनंती. मी ते घेऊन वजाबाईंकडे गेलो. त्यांनी नियमांची तिन्ही पुस्तकं उलटीपालटी केली, प्रथमच अपराधी चेहऱ्याने, आणि सांगितलं की बाहेर जाऊन ज्ञान देणं हे फक्त शिक्षकांना शक्य आहे. शिक्षकेतरांना फक्त रजा शक्य आहे, आणि तीही कारण पटलं तर. मी कारणाच्या रकान्यात खरं कारण लिहिलं. अर्ज परत आला. पुन्हा लिहिलं, पुन्हा आला. तिसऱ्या वेळी मामांनी माझ्या हातातून पेन घेतलं आणि 'घरगुती काम' असं लिहिलं.

त्याखाली शिफारस करणाऱ्या अधिकाऱ्याची जागा होती. मी सही केली आणि हुद्दा लिहिला, सहयोगी प्राध्यापक. रजेच्या अर्जाला तेवढा हुद्दा पुरतो. मामा शनिवारी बर्नरला फडकं गुंडाळून तज्ज्ञांच्या गावाला गेले.