पंखाचं विचारलं होतं

"आज नाही उडायचं," असं कॅम्पच्या मालकाला सांगून निवेदितानं हेल्मेट टेबलावर ठेवलं.

बनारससमोर, रामनगरच्या बाजूला, गंगेच्या वाळूवर सकाळपासून पछुवा सुटला होता. पश्चिमेचा हा कोरडा वारा एकसारखा वाहत नाही, धक्के देत येतो. तंबूवरचा झेंडा मधेच गळून पडत होता, मधेच ताठ होत होता. पण तंबूत लखनौचे पाहुणे बसले होते आणि त्यांना पॅराग्लायडिंग दाखवायचं ठरलं होतं. मालकानं तिच्याशी वाद घातला नाही. त्यानं कुणालकडे पाहिलं.

कुणाल रेल्वेतल्या मराठी घरातला, रामनगरातच वाढलेला. उडायला त्याला निवेदितानंच शिकवलं होतं. त्याची नोकरी अजून कच्ची होती. "ताई, बस एक छोटा राउंड," तो म्हणाला. "ऊपर जाऊन लगेच उतरतो."

तिनं त्याचा हात धरला. त्यानं तो हळूच सोडवून घेतला.

जीपनं दोर ओढला, कापडाची छत्री हवेनं भरली, कुणाल वर गेला. दोर सोडला आणि तेवढ्यात वाऱ्याचा धक्का आला. कापडाची उजवी बाजू भिजलेल्या वर्तमानपत्रासारखी मिटली. त्यानं डावी दोरी ओढून धरली, म्हणजे जे करायला हवं तेच केलं. पण मिटलेलं कापड पुन्हा हवेनं भरायला खाली उंची शिल्लक लागते. ती नव्हती. तो पाठीवर पडला.

निवेदिताचे वडील वेणीमाधव कधीकाळी हँग ग्लायडर उडवत. नोकरीनिमित्त साताऱ्याकडे होते तेव्हाची गोष्ट. एकदा उतरताना खांदा मोडला, मग बनारसला परतले आणि पंचगंगा घाटावरच्या गल्लीत राहून कॉलेजच्या प्रयोगशाळेत निवृत्तीपर्यंत काम केलं. त्यांच्या उडण्याबद्दल इथं कधी कुणी विचारलं नाही. लेक पॅराग्लायडर उडवायला लागल्यावर मात्र घरात जेवताना रोज तोच वाद. ते म्हणत, माझ्या पंखाला ॲल्युमिनियमची हाडं होती, कितीही धक्के बसोत, तो मिटत नसे. समोरून वारा आला की दांडी छातीशी ओढायची, वेग वाढवायचा आणि वारा कापत निघायचं. तुमचं काय, कापडात हवा आहे तोवर पंख, नाहीतर चादर. ती म्हणे, तुम्हाला वळायला सगळं अंग झोकावं लागायचं, मला दोन दोऱ्या पुरतात. माझा पंख वर, मी खाली लोंबते, शांत हवेत तो आपोआप तोल सांभाळतो. शिवाय मी चालत उतरते, तुम्ही खांदा मोडून उतरलात. यावर ते ताटात हात धुवायचे.

चौकशी समिती नेमली गेली. तिला या विषयातला जाणकार हवा होता. वेणीमाधवांचं नाव मालकानंच सुचवलं. तो स्वतः गल्ल्या चालून घरी आला, त्यांच्या पाया पडला. निवेदिताला यात काही वावगं वाटलं नाही. बाबा खोटं बोलणार नाहीत, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

ते खोटं बोललेही नाहीत. इस्त्रीचा शर्ट घालून गेले आणि हातांचे पंख करून समितीच्या साहेबांना दोन्ही यंत्रांतला फरक नीट समजावून दिला. अहवाल आला तो असा, की पॅराग्लायडर मिटणं हा त्या साधनाचाच स्वभाव आहे, सबब कुणाचाही दोष नाही. वाऱ्याबद्दल निवेदितानं दिलेला जबाब बाजूला पडला. मालकाशी तिचं आधीपासून पटत नव्हतं, असं कुणीतरी सांगितलं होतं. पॅराग्लायडिंग बंद झालं, तिची नोकरी गेली. खाटेला खिळलेल्या कुणालच्या भरपाईचा प्रश्नच उरला नाही. मालकानं त्याच वाळूवर गरम हवेचे फुगे आणले.

अहवाल वाचून ती वडिलांसमोर येऊन बसली.

"मी खोटं काय बोललो?" त्यांनी विचारलं.

"काहीच नाही."

"मग?"

"त्या वाऱ्यात त्याला पाठवलं कोणी, ते का नाही बोललात? मी घरी येऊन सगळं सांगितलं होतं तुम्हाला."

"मला पंखाचं विचारलं होतं," ते म्हणाले. मग खाली बघून, "इतक्या वर्षांत कुणीतरी विचारलं होतं, निवी."

त्यानंतर त्या घरात जेवताना वाद झाला नाही.

पावसाळा सरल्यावर ते एकदा आपणहून म्हणाले, मला त्या मुलाकडे घेऊन चल. दोघं पुलावरून रिक्षानं रामनगरला गेली. कुणालच्या आईनं दार उघडलं आणि चहा ठेवायला आत गेली. खोली लहान होती, खाटेखेरीज बसायला काही नव्हतं.

"काका, आप क्यों आए इतनी दूर," कुणाल म्हणाला. त्याला खरंच आनंद झाला होता. "तुमचंच बरोबर होतं. ताईला मी तेच बोलतो. कपड्याचा काय भरोसा."

वेणीमाधव उभेच होते.

"बसा ना, काका," कुणालनं खाटेवर थाप मारली. त्याचे पाय जागा अडवून पडले होते. त्यानं ते हातानं ओढून पाहिले, पण पुरते सरकले नाहीत. तेव्हा वेणीमाधव वाकले, त्यांनी ते दोन्ही पाय उचलले, भिंतीशी नीट ठेवले आणि रिकाम्या झालेल्या कडेवर अंग चोरून बसले.