मागच्या दाढेची कॅप

दाढेवर कॅप बसवताना काही घशात जाऊ नये म्हणून आड ठेवायचं जाळीचं कापड मानाजीरावांनी नको म्हटलं, तेव्हा दातांची डॉक्टर असूनही वाणीने आग्रह धरला नाही. दुसरा कुणी पेशंट असता तर तिने ऐकलंच नसतं. पण खुर्चीत आडवे झाले होते ते तिचे सासरे. लग्नाला जेमतेम वर्ष झालेलं, त्यांच्या तोंडात कापड कोंबणं तिच्याच्यानं होईना.

“ओकारी येते गं मला त्यानं. परवागिल्ला, काही होत नाही, तू सुम्ने बसव, नुसती अशीच.”

धातूची कॅप तिने आधी कोरडीच दाढेवर बसवून पाहिली. निळ्या कागदावर चावायला लावलं. एक ठिपका उंच लागत होता, तो घासला. मग आत सिमेंट भरलं. ते घट्ट व्हायच्या आत कॅप दाबून बसवायची, एवढंच उरलं होतं. लाळेने ओला झालेला हातमोजा निसटला. कॅप जिभेवर पडली आणि वाणीचं बोट पोचण्याआधी दिसेनाशी झाली.

“मामंजी, उठा! खोका!”

मानाजीराव उठून बसले. रुमाल तोंडावर घट्ट धरला, डोळ्यांत पाणी आलं. थोड्या वेळाने हसले.

“गेली पोटात. फौजेतलं घराणं आपलं, लोखंडही पचवतो! चल, सरगूरला बारशाला उशीर होतोय.”

वाणीला हसू आलं नाही. शेजारच्याच इमारतीत एक्स-रे निघायचा. तिने त्यांना तिथे नेलं. पोटात काही दिसेना. मग छातीचा काढला.

पडद्यावर उजव्या फुफ्फुसात, श्वासनलिकेच्या खालच्या फांदीत पांढरी कॅप होती. उजवी श्वासनलिका डावीपेक्षा रुंद आणि सरळ असते, वस्तू बहुधा तिकडेच जाते. हे तिने परीक्षेत कितीदा लिहिलं होतं.

“पण तुम्हाला खोकला कसा आला नाही?”

“आला होता की. चांगला जोरात.” ते जरा ओशाळले. “तू तोंडाजवळ वाकलेली होतीस. सुनेच्या तोंडावर कसा खोकू? दाबला.”

तिने पडद्यावरच्या कॅपचा फोनमध्ये फोटो घेतला.

“आता काही त्रास नाही, अय्यो. बारसं करून येऊ, मग बघू.”

“नाही.”

एक्स-रेवाला वळून बघू लागला, इतका तिचा आवाज चढला होता.

“सूज आली तर श्वासाची वाट बंद होईल, मामंजी. दुर्बीण घालून काढायला लागेल, आत्ताच. गाडीची चावी द्या.”

घरात त्यांच्याशी असं कुणी बोललं नव्हतं. “सगळे वाट बघतील गं,” ते पुटपुटले, तरी हात खिशाकडे गेला. तेवढ्यात ढास लागली आणि ते कमरेत वाकले. थांबेचना.

वाणीने खिशातून चावी ओढली, त्यांचा दंड धरला आणि हॉस्पिटलचा नंबर लावत जिना उतरू लागली.