सुपाएवढा जबडा

ज्या साली वलगावच्या शिवारात तिबार पेरूनही कपाशी उगवली नाही, त्या साली अमरावतीत बालवाडीच्या बायांना दातांचं शिक्षण मिळालं. डॉक्टरीणबाईंनी प्रत्येकीच्या हाती सुपाएवढा प्लॅस्टरचा जबडा आणि कुंच्याएवढा ब्रश दिला. दिवाळीनंतर जबडा सगळ्या दातांनिशी परत हवा, नाहीतर बालवाडी दुसरीच्या हाती जाईल, असं बजावलं. वलगावच्या कौशल्यानं तो एसटीत लेकरासारखा मांडीवर घेऊन गावी आणला.

पोरं रोज आधी जबड्याचे दात घासत, मग आपले. घासता घासता एक दिवस समोरचा दात निखळला. चिकटवायला कणकेची खळ करावी म्हणून कौशल्या आत गेली. येऊन पाहते तर दात नाही. छोट्या अलीझानं तो रीतीप्रमाणे कौलांवर फेकला होता, उंदीरमामाला जुना घे नि नवा दे असं सांगून.

कौशल्यानं शिडी लावून सगळी कौलं उलथली. दात काही मिळेना. तिनं डोळ्यांना पदर लावला, तेव्हा अलीझानं तिचीच समजूत घातली.

"बाई, काहून रडून राहिल्या? मले आला, त्यालेबी येते."

गोष्ट गावभर झाली. शेतात बघण्यासारखं काही नव्हतंच, माणसं बालवाडीत डोकावू लागली. तिबार पेरून बसलेल्या खुशालरावांनी हिरडीवर बोट फिरवून ओल पाहिली आणि आठ रोज थांबा म्हणाले. अलीझाची आजी बिस्मिल्लाबी कोमट मिठाच्या पाण्यानं जबडा शेकून जाई. लेकराले ठणकत असन, म्हणे. गाव खुळावलं, असं कौशल्या मनात म्हणे आणि पोरं घरी गेली की हळूच आपणही बोट फिरवून बघे.

दिवाळी सरली. नोकरी गेलीच असं धरून तिनं पदराखालचा जबडा अमरावतीत टेबलावर ठेवला. डॉक्टरीणबाईंनी चष्मा लावून हिरडी दाबली. तांदळाच्या कणीएवढं पांढरं टोक वर आलं होतं.

"याला गोड देता का?"

"नाही जी."

"देऊ नका. दुधाचे दात पडायला लागलेत. वय बालवाडीचंच आहे याचं. सगळे बदलेपर्यंत तुमच्याकडेच राहू द्या."

वलगावच्या थांब्यावर खुशालराव उभेच होते. त्यांनी पदर सारून ते टोक पाहिलं, बराच वेळ पाहिलं.

"उगवलं खरं," ते म्हणाले. "आता रानातल्या रोही-डुकरापासून जपजो, कौशल्या."