राहीचे मुक्काम

हरेशने गॉलच्या ठिपक्यावर डाव्या हाताचं बोट ठेवलं आणि उजव्या हाताने फोन कानाला लावला. श्रीलंकेचा नकाशा सतरंजीवर पसरलेला होता. तो गुंडाळला जाऊ नये म्हणून चारही कोपऱ्यांवर स्टीलच्या वाट्या ठेवल्या होत्या. शेजारी उज्ज्वला नागलीचं पीठ चाळत बसली होती. हरेश इंग्रजीत बोलायला लागला की ती चाळणीचा आवाज थांबवायची.

पलीकडे कुणी वयस्क बाई होत्या. समुद्राकाठच्या आपल्या घरात त्या पाहुण्यांना खोल्या देत असत. हरेशने नाव सांगितलं, फेब्रुवारीतल्या तारखा सांगितल्या.

"हो, हो. खोली आहे," बाई म्हणाल्या. "खालचीच ठेवली आहे. तुमच्या मुलीने तसं सांगितलं होतं."

"कुणाच्या मुलीने?"

"तुमच्याच. मिस राही. पावसाळ्यात येऊन खोली बघून गेल्या. वडिलांचा गुडघा वाकत नाही, त्यांना जिना नको, म्हणाल्या."

 हरेशने नीट आभार मानले आणि फोन सतरंजीवर पालथा ठेवला.

"काय झालं?" उज्ज्वलाने विचारलं.

"काही नाही. खोली मिळाली."

"राही म्हणाल्या ना त्या बाई? मला ऐकू आलं."

हरेशने एका वाटीखालचा कोपरा सरळ केला. तो सरळच होता.

राही त्यांची एकुलती मुलगी. ठाण्याला बँकेत नोकरी करायची. दोन वर्षांपूर्वी ताप आला, तो उतरलाच नाही. तिला साखरशेतला, गावी आणलं होतं आणि हरेशने स्वतः अग्नी दिला होता. त्याचा गुडघा दुखायला लागला त्यानंतरच्या उन्हाळ्यात.

सहल मूळची हरेशची. मोखाड्याच्या शाळेत भूगोल शिकवताना त्याने ते थेंबासारखं बेट फळ्यावर इतक्या वेळा काढलं होतं, की डोळे मिटूनही काढता आलं असतं. निवृत्त झालो की या बेटाला गाडीने वळसा घालायचा, असं तो म्हणायचा. राहीने मोखाडा-जव्हार रस्त्यावरच्या वळणांवर गाडी शिकली तेव्हा ती म्हणाली होती, "बाबा, तिकडे गाडी मी चालवणार. तुम्ही नुसता नकाशा बघायचा." ती गेल्यावर वर्षभर त्याने हा विषय काढला नाही. मग उज्ज्वलाच म्हणाली, की घरात बसून तरी काय करायचं आहे.

"पुढचा मुक्काम कुठला?" तिने आता विचारलं.

"एला. डोंगरात आहे. चहाचे मळे."

"लावा फोन."

"उज्ज्वला, त्यांचा काहीतरी घोळ झालाय. दुसरं कुणी असेल."

"असेल. लावा तरी."

एलाच्या मुक्कामाचा मालक तरुणपणी दुबईत होता, हिंदी बोलायचा. हरेशने फोनचा आवाज मोठा केला. राहीचं नाव त्याने मुद्दामच घेतलं नाही.

"अरे सर, आप!" तो माणूस खुशीत म्हणाला. "बेटी आयी थी ना, दिवाली के टाइम. खुद गाडी चलाके आयी. इतनी चढाई, और अकेली! बोली, ये रास्ता कुछ नहीं, हमारे गाँव का रास्ता इससे टेढा है."

उज्ज्वलाचे पिठाने माखलेले हात मांडीवर होते तसेच राहिले.

"कैसी थी?" तिने फोनकडे वाकून विचारलं. "तबियत कैसी थी उसकी?"

"अच्छी थी, माताजी. थोडी दुबली. खाना नहीं खाया. बोली, अभी नहीं, घर जाके खाऊँगी."

कँडीला फोन लागला तेव्हा दुपार झाली होती. तिथल्या माणसाने फार बोलायची घाई केली नाही. मिस राही गेल्या आठवड्यात आल्या होत्या, एवढंच म्हणाला. गाडी अंगणात लावून रात्रभर गाडीतच बसून राहिल्या, खोलीत आल्या नाहीत. तुमच्यात काही कडक व्रत असतं का, असं त्याने विचारलं. हरेश हो म्हणाला.

"कुणीतरी आपली खोडी काढतंय," फोन ठेवल्यावर हरेश म्हणाला.

"आपली? श्रीलंकेत बसून?"

हरेश नकाशावर वाकला. नकाशावर त्याने पेन्सिलने आखलेली रेघ दक्षिणेला गॉलला जात होती, तिथून वर डोंगरात, मग कँडी, आणि शेवटी पश्चिम किनाऱ्यावर, विमानतळाजवळच्या नेगोम्बोला. ही रेघ त्याने कुणालाच दाखवली नव्हती.

नेगोम्बोला दुसऱ्या दिवशी सकाळी उज्ज्वलाने स्वतः फोन लावला आणि हरेशच्या हातात दिला. तिथल्या मुलीला त्याचं नाव ऐकून वाईट वाटल्यासारखं झालं.

"सर, तुमची खोली तर रद्द झाली. मिस राही काल इथे होत्या. त्यांनीच सांगितलं, की आता तुम्ही येणार नाही."

"का म्हणून?"

"आई-बाबांना इतक्या लांब बोलावणं बरं नाही, मीच जाते, असं म्हणाल्या. गाडी इथेच लावली आणि पहाटे विमानतळावर गेल्या."

हरेशने नकाशाची घडी घातली. ती चुकीची पडली. त्याने ती उलगडून पुन्हा घातली.

"तिकिटं आहेत," तो जरा मोठ्याने म्हणाला. "आपण जाऊ. उद्याच मुंबईला जाऊन राहू. तुझ्या बहिणीकडे."

"ती इकडे येतेय आणि आपण तिकडे जायचं?"

"उज्ज्वला, मी अग्नी दिलाय तिला."

"मला माहितीय."

"मग?"

 उज्ज्वला उठून दारापर्यंत गेली आणि बाहेरच्या चढाकडे बघत राहिली. थोड्या वेळाने वळली तेव्हा तिचा चेहरा बदललेला होता. आता त्यावर काळजी होती, राहीला ठाण्याहून येताना उशीर व्हायचा तेव्हाची.

"अहो, ती मोखाड्याला जाईल."

हरेशने तिच्याकडे पाहिलं.

"तिला हे घर कुठे माहितीय? आपण ती गेल्यावर आलो ना इथे जव्हारला. ती मोखाड्याला जाईल, आपल्या खोल्यांवर. दार वाजवेल आणि भलतंच कुणी उघडेल."

ती तेवढ्यासाठी दुपारच्या एसटीने मोखाड्याला गेली. हरेश गेला नाही.

शाळेच्या त्या दोन खोल्यांत आता चंदना नावाची शिक्षिका राहत होती. नंदुरबारकडून नुकतीच बदलून आलेली, साधी मुलगी. तिने उज्ज्वलाला चहा दिला. दाराच्या चौकटीला निळा रंग नव्याने दिलेला होता.

"एक मुलगी येईल," उज्ज्वला म्हणाली. "आमचं घर विचारेल. तिला जव्हारला पाठवशील?"

"पाठवते की काकू. पण फोनच करा ना तिला."

"तिच्याकडे फोन नाही."

चंदनाच्या हातातली बशी जराशी थांबली. "बरं. मी ओळखू कशी?"

उज्ज्वलाने सांगायला तोंड उघडलं. उंची, केस, हनुवटीवरची खूण. पण त्यातलं आता काय उरलं असेल, ते तिला सांगता येईना. "तीच सांगेल," ती म्हणाली. घराचा पत्ता तिने चंदनाला दोनदा समजावला. पाण्याच्या टाकीवरून सरळ वर, मग डावीकडे.

हरेशने तिकिटं रद्द केली, त्याबद्दल दोघं बोलले नाहीत. तो दिवसभर काही ना काही काम काढून घराबाहेर राहायचा, बाजारात, नाहीतर डेपोसमोरच्या बाकावर. अंधार पडायच्या आत मात्र परत यायचा. उज्ज्वला रोज तांदळाची एक भाकरी जास्त थापायची आणि सकाळी ती गाईला घालायची. गाय ती भाकरी हुंगून तशीच ठेवायची. उज्ज्वलाने हे हरेशला सांगितलं नाही. त्याने ते पाहिलं होतं.

त्या रविवारी ऊन उतरता उतरता फोन वाजला. उज्ज्वलाने घेतला.

"काकू, तुमच्या पाहुण्या येऊन गेल्या," चंदना म्हणाली. तिचा आवाज बारीक झाला होता. "आत या म्हटलं, तर आल्या नाहीत. अंगणातच उभ्या होत्या. पाणीसुद्धा नको म्हणाल्या."

"काही बोलली?"

"घर कुठे गेलं, असं विचारत होत्या. मी सांगितलं तुम्ही सांगितलंत तसं. टाकीवरून वर. मगाशीच गाडी घेऊन निघाल्या. मी लगेच फोन करणार होते, पण..." ती थांबली. "काकू, कोण होत्या त्या?"

"मुलगी आमची," उज्ज्वला म्हणाली.

तिने दाराची दोन्ही कवाडं उघडली, उंबऱ्यावर पाणी शिंपडलं आणि आत जाऊन चूल पेटवली.  हरेश भिंतीला पाठ लावून उभा होता.

"टाकीवरून सांगितलंस?" त्याने विचारलं.

"हो. का?"

"परवापासून तो रस्ता खणलाय. पाइप टाकताहेत. तिथून गाडी येणार नाही."

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं.  हरेशने खुंटीवरचा स्वेटर घेतला, चपला घातल्या आणि तो उतरणीला लागला.

टाकीपाशी कुणी नव्हतं. खणलेल्या मातीचा ढीग रस्त्याच्या मध्यापर्यंत आला होता. मजूर रविवारचे आले नव्हते. खालच्या घरांतून धूर निघून एका पातळीत पसरला होता आणि त्यापलीकडे मोखाड्याकडचे डोंगर निळे पडत चालले होते. हरेश ढिगाजवळ उभा राहिला. परत जावं असं त्याला एकदा फार वाटलं. पण मग तिला कोण सांगणार.

गाडीचा आवाज आधी आला. मग वळणावर दिवे दिसले, धुरातून वर येणारे. गाडी हळू झाली, ढिगापाशी येऊन थांबली. इंजिन चालूच होतं. काच खाली झाली तसा आतून गार वारा आला, ओल्या मातीच्या वासाचा. हरेशने आत पाहिलं नाही. त्याची नजर रस्त्यावर होती.

"इकडून नाही जाता येणार," तो म्हणाला.  "मागे घे. देवळाच्या बाजूने वर ये, मग उजवीकडे वळ. दार उघडंच आहे. आई आहे घरात."

 गाडी मागे गेली, सफाईने वळली आणि देवळाच्या रस्त्याला लागली. चढावर तिने गिअर बदलला, नेमक्या जागी. लाल दिवे घरांच्या आड गेले.

हरेश आणखी थोडा वेळ तिथेच उभा राहिला. वरून भाकरीचा वास येत होता. मग तोही घराकडे निघाला, नेहमीपेक्षा सावकाश, मायलेकींना जरा वेळ मिळावा म्हणून.