आधीचं दाखव

"कल्पना हाच मानवजातीचा खरा वारसा आहे, आणि तिचा उगम शोधणारी नजर हीच शिक्षणाची अंतिम कसोटी आहे," असं रास्तेबाई वर्गाच्या दारात उभं राहून म्हणाल्या. वाक्य चांगलं होतं. प्रत्येक शाळेच्या दारात म्हणून म्हणून ते गुळगुळीत झालं होतं. पण ऐकायला खाली बाकांवर कोणी नव्हतं. मुलं सकाळीच चहात बुडवून दोरीवर वाळत घातली होती.

दोरी खिडकीच्या गजापासून फळ्याच्या खिळ्यापर्यंत बांधलेली होती. नववीचा वर्ग तिच्यावर चिमट्यांनी लटकत होता. पातळ, तपकिरी, कडांना जरासा वळलेला. पंख्याचा वारा आला की सगळे एका बाजूला झुकत. बाई आत आल्या तेव्हा ते झुकलेलेच होते, त्यामुळे नमस्कार आपोआप झाला.

"नमस्ते, मॅडम."

"बसा," बाई सवयीनं म्हणाल्या. मग दोरीकडे बघून म्हणाल्या, "राहू दे."

कुमुदिनी रास्ते या डिझाइन विषयाच्या, बाहेरून येणाऱ्या परीक्षक. वस्तू कशी झाली याचे मार्क त्या देत नसत. वस्तू काय, वडीलही करून देतात. मार्क मिळत ते कल्पना कशी वाढली याचे. पहिली रेघ कुठली, ती का फसली, दुसरी कुठून आली. "आधीचं दाखव," हे त्यांचं वाक्य जिल्ह्यातल्या सगळ्या शाळांना पाठ होतं. म्हणूनच सगळ्या शाळा आधी वस्तू करून घेत आणि मग निवांत बसून आधीचं तयार करत.

या शाळेचे डिझाइनचे शिक्षक गुरव सर यांनी तर ते काम कलेच्या पातळीवर नेलं होतं. वस्तू झाली की मुलांकडून तिची चुकीची चित्रं काढून घ्यायची. चुरगाळायची. जुनी दिसावीत म्हणून चहात बुडवायची आणि वाळवायची. यंदा वेळ कमी होता, म्हणून त्यांनी चित्रं आणि मुलं एकदमच बुडवली होती.

"वेगवेगळी करत बसलो असतो, तर तुमच्या यायच्या आत वाळली नसती, मॅडम," सर म्हणाले. त्यांनी टकलावरून रुमाल फिरवला.

"बरोबर आहे," बाई म्हणाल्या. दोरीखालून जाताजाता त्यांनी पहिल्या मुलाचा वास घेतला. "आलं घातलंय."

"थोडंसं. नुसत्या चहात उतरायला पोरं कुरकुरतात."

"खऱ्या कच्च्या चित्राला खोडरबराचा वास येतो, सर. नापास."

"मॅडम, माझं पाखरांचं घर चांगलं झालंय की," मुलगा चिमट्यातून म्हणाला.

"झालंय ना. पाखरं राहतील. पण तुला ते सुचलं कसं?"

मुलगा वाऱ्यावर थोडा हलला. "पप्पांना सुचलं."

दारात अनसाक्का उभी होती. ती शाळेची खिचडी रांधायची. नापास वस्तू खिचडीच्या चुलीत, हा शाळेचा नियम होता. लाकूड वाया जात नव्हतं आणि जेवण वेळेवर होत होतं. मागच्या वर्षी दुसरे परीक्षक आले, निकाल फार चांगला लागला, तेव्हा साऱ्या शाळेला कच्चा भात खावा लागला होता. म्हणून रास्तेबाई आल्या की अनसाक्काला हायसं वाटे. तिनं पाखरांचं घर उचललं, नंतर पेनं ठेवायचा हत्ती, नंतर एक दिवा, आणि सगळं ओच्यात घालून ती म्हणाली, "बाई, अजून एखादं जाडजूड बघा की. हे भुर्रकन जळतंय."

एकच जाडजूड वस्तू उरली होती. एक बुटकं स्टूल. त्याच्याशेजारी एक मुलगी उभी होती, जमिनीवर, कोरडी.

"ही तब्बसुम मुजावर," गुरव सर हळूच म्हणाले. "हिनं कच्चं कामच केलं नाही. म्हटलं, दोन मिनिटांत काढ आणि घे उडी पातेल्यात. ऐकत नाही."

"आधीचं मी नंतर काढणार नाही, सर," तब्बसुम म्हणाली.

बाईंनी चष्मा नीट केला. कितीतरी वर्षांत त्यांनी असं वाक्य ऐकलं नव्हतं. पण वाक्याला मार्क नसतात.

"मग आधी काढलं होतंस?"

"हो. मंडईत, अम्मीच्या गाळ्यापुढं, खडूनं. संध्याकाळी झाडणारा यायचा, पुसलं जायचं. दुसऱ्या दिवशी पुढचं काढायचे."

"स्टूल कुणासाठी?"

"अम्मीसाठी. कोथिंबीर-मेथी विकते. गुडघे गेलेत. बसली की उठता येत नाही, म्हणून दिवसभर उभीच असते. मॅडम, हे चुलीत नाही जायचं."

"कुठं जायचं ते मार्कांवर ठरेल," बाई म्हणाल्या आणि स्टुलावर बसल्या.

स्टूल चांगलं होतं, हे बाईंच्या आधी त्यांच्या कमरेला कळलं. बैठक पुढच्या बाजूला जराशी उतरती होती. स्टुलाचा उजवा पाय वर वाढवून त्याची मूठ केली होती. मुठीवर हात टेकून नुसतं उठायचं मनात आणलं, की स्टूल अलगद पुढं ढकलत होतं. बाईंनी पेन मांडीवर ठेवलं. आजवर त्यांनी आधीचं बघितल्याशिवाय कुणाला एक मार्क दिला नव्हता. स्वतःच्या भाच्यालाही नाही. तो अजून त्यांच्याशी बोलत नाही.

"आधीचं दाखव."

"दाखवते. पण तुम्ही उठू नका, मॅडम. मधेच उठलं की सगळं मधलंच राहतं."

अट रास्त होती. बाईंनी मान डोलावली.

"याच्या आधी मूठ नव्हती," तब्बसुम म्हणाली, आणि मूठ गेली. "अम्मी उठताना गिऱ्हाइकाचा हात धरायची. एक बाई घाबरून भाजी न घेताच गेली. तेव्हा कळलं, हाताला कायतरी पाहिजे."

"चांगलं कारण आहे," बाई म्हणाल्या. मुठीबरोबर पंखाही गेला होता. मुलांचा चहाचा रंग उतरला आणि दोरीवर पांढरे कोरे कागद स्वच्छ लटकत राहिले. त्यांच्याकडून कसली तक्रार आली नाही. "याच्या आधीचं?"

"याच्या आधी बैठक सपाट होती."

बैठक सपाट झाली. बाई मागं रेलल्या, सावरल्या. गुरव सरांच्या डोक्यावर दाट काळे केस आले. त्यांनी हात लावून बघितला आणि म्हणाले, "मॅडम, सावकाश चालू द्या. कुणाला घाई नाही."

"मला आहे," अनसाक्का दारातून म्हणाली. "आधण आलंय."

"याच्या आधीचं," बाई म्हणाल्या.

"आधी तीनच पाय होते. मला वाटलं, रस्ता खडबडीत, तीन पाय कुठंही टेकतील. पण अम्मी डावीकडं कलते. डाव्या गुडघ्यावर भार देत नाही, तरी कलते डावीकडंच. मला ते बघून बघून कळलं."

एक पाय गेला. बाई डावीकडे कलल्या आणि कललेल्याच राहिल्या. भिंती विटा झाल्या, विटा माती झाल्या. दोरीवर आता कोणी नव्हतं, कारण दोरी बांधायला गज नव्हता. गुरव सर हाफ पँटमध्ये उभे होते. त्यांनी करंगळी वर केली.

"मॅडम, मी जाऊ?"

"जा," बाई म्हणाल्या. सर मोकळ्या माळावरून पळत लांब गेले. त्यांना पुन्हा कोणी हाक मारली नाही.

शाळा राहिली नव्हती. शाळेसाठी दिलेली जमीन तेवढी होती, मग तीही कुणी दिलेली राहिली नाही, नुसतीच पडली होती. तब्बसुम होती तेवढीच होती. आणि चूल होती, पेटलेली, तिच्यामागं अनसाक्का. चूल शाळेच्या आधीची होती.

"बाई, सोडा आता," अनसाक्का म्हणाली. "पास करा नाहीतर माझ्याकडं द्या. असं कललेलं कुणी मार्क देतं होय?"

"मला अजून पहिलं दिसलेलं नाही."

"पहिलं बघून काय मिळतंय? आमच्यात पहिली भाकरी कुत्र्याला घालतात."

 बाईंच्या डाव्या मांडीला कळ लागली होती. नोकरीत त्यांनी पुष्कळ खोटी आधीची चित्रं बघितली होती. भाजलेली, मातीत पुरलेली, एकदा तर आजोबांच्या नावावर खपवलेली. खरं पहिलं चित्र त्यांनी कधीच बघितलं नव्हतं. ते असतं, एवढं त्या वर्षानुवर्षं सांगत आल्या होत्या. आता ते समोर येत होतं आणि त्या उठणार नव्हत्या.

"याच्या आधीचं दाखव."

"याच्या आधी टोमॅटोचं क्रेट होतं, पालथं. त्यावर पोतं. अम्मी एक दिवस बसली, तळ मोडला."

क्रेट आलं. बाई त्यावर एक क्षण बसल्या. तळ मोडला.

"याच्या आधीचं," त्या म्हणाल्या.

"याच्या आधी काय नव्हतं, मॅडम."

"काय नव्हतं तेच दाखव."

क्रेट गेलं. पोतं गेलं. खालची जमीनही गेली. त्या जागी कसलाच रंग राहिला नाही. बाई मात्र बसलेल्याच राहिल्या; पाठ ताठ, गुडघे वाकवलेले, खाली काही नाही. 

"हे पहिलं," तब्बसुम म्हणाली. "बसलेलं माणूस. मी स्टूल काढलंच नव्हतं आधी. अम्मी बसली असती तर कशी बसली असती, एवढंच काढलं. मग रोज बघत राहिले, हिच्याखाली काय पाहिजे."

बाईंनी खाली बघितलं. त्यांच्याभोवती खडूची एक जाड रेघ होती. पाठीवरून सुरू झालेली, कमरेशी अडखळलेली, गुडघ्याशी दोनदा गिरवलेली. साडीच्या निऱ्या नव्हत्या. चष्मा नव्हता, तरी स्वच्छ दिसत होतं. रेघ फार वाईट होती आणि खरी होती.

"तुमचे गुडघे कापतायत," तब्बसुम म्हणाली.

"माहीत आहे."

"अम्मीचेही असेच कापतात."

रास्तेबाईंना त्या क्षणी मार्क ठरवायला काही लागलं नाही. सगळे. त्यांनी आयुष्यात कधी सगळे दिले नव्हते. आता द्यायचे म्हणजे द्यायचेच होते, शाळा असो वा नसो. त्यांनी मांडीवरचं पेन घ्यायला हात पुढं केला. पेन नव्हतं. हातही नव्हता. दोन्ही खांदे गोल होऊन संपत होते.

"हात कुठं आहेत?"

"हात मी मूठ काढली तेव्हा काढले. त्याच्या आधी लागले नव्हते."

म्हणजे मूठ गेली तेव्हाच ते गेले होते. बाईंचं लक्ष नव्हतं.

"मग आता आधी हात काढ. मला मार्क लिहायचेत."

"असं कसं, मॅडम? मधलं गाळलं की तुम्हीच मार्क कापणार." तब्बसुमनं दप्तरातून खडू काढला. "आधी जमीन. मग क्रेट मोडायचं. मग तीन पाय, मग चार. हात शेवटी."

हे बरोबर होतं. बाईंना त्यात एकही चूक काढता आली नाही. कुठल्याही उत्तम परीक्षकानं हेच सांगितलं असतं. त्यांनी दात आवळले आणि पाठ आणखी ताठ केली. मुलगी सगळं काढून होईपर्यंत पडायचं नाही, एवढंच आता त्यांच्याकडे काम होतं.

"मी आहे इथं," त्या म्हणाल्या. "तू नीट काढ."

"विस्तव विझत चाललाय," लांबून अनसाक्का म्हणाली. "मी काय घालू चुलीत?"

 तब्बसुम वाकली, बाईंच्या पावलांशी खडू टेकवला, थांबली, आणि मान वर करून म्हणाली, "मॅडम, जरा पाय वर घ्या."