गाडीखालची मांजरं

"जिच्याखाली मांजरं बसतात ती गाडी आपल्याला नको गो," रझिया अम्मी म्हणाल्या होत्या, आणि नाझियाने ते एका कानाने ऐकून दुसऱ्या कानाने सोडून दिलं होतं.

अम्मींकडे असल्या गोष्टींचा काही तोटा नव्हता. संध्याकाळच्या मगरीब नमाजानंतर केर काढू नये. उंबऱ्यावर बसून पोराला भरवू नये. निघालेल्या माणसाला मागून हाक मारू नये. आणि चुकून मारलीच तर त्यांचा मुलगा यासीन, जहाजावर निघालेला मोठा बाप्या, निमूट परत येऊन घोटभर पाणी पिऊन पुन्हा निघायचा. नाझिया रसायनशास्त्र घेऊन बी.एस्सी. झालेली. सासूला ती उलटून बोलायची नाही, पण अशा सगळ्या गोष्टी मनातल्या एका गोणीत भरून तिने गोणीचं तोंड बांधून ठेवलं होतं. मांजरंही त्या गोणीत गेली.

तिला भीती वाटायची ती रस्त्याची. लेक आयात जन्मल्यापासून तर फारच. यासीन वर्षातले आठ-नऊ महिने समुद्रावर, आणि राजिवड्यातून पोरीला बालवाडीत सोडणं, डॉक्टरकडे नेणं, माहेरी पावसला जाणं, सगळं स्कूटरवर. आयात पुढे उभी, तिच्या दोन चिमुकल्या हातांनी आरशाच्या दांड्या धरलेल्या. शेजारून चिऱ्यांनी भरलेला डंपर गेला की नाझिया गुडघ्यांनी पोरीला आवळून धरायची. रात्री डोळे मिटले की तिला डंपरचं चाक दिसायचं, आणि चाकापाशी आयातची एकच चप्पल.

"लहान गाडी घेऊ," यासीन सुट्टीवर आला तेव्हा म्हणाला. "आपल्या गल्लीत हत्ती घेऊन कुठे फिरणार आहेस?"

"हत्ती तर हत्ती. माझ्या पोरीभोवती भरपूर लोखंड पाहिजे."

भरपूर लोखंड नवं घ्यायची ऐपत नव्हती, म्हणून जुनं शोधायचं ठरलं. अशा रीतीने एका रविवारी चौघं लांज्याला गेली. महामार्गाच्या कडेला, काजूच्या कारखान्याला लागून, महिपत नावाच्या दलालाच्या मोकळ्या जागेत वापरलेल्या गाड्या ओळीने लावलेल्या होत्या. त्यात ती होती. करड्या रंगाची, उंच, सात जणांची, नव्या नवरीसारखी पुसून ठेवलेली.

"डॉक्टरांची गाडी, ताई. घर ते दवाखाना, दवाखाना ते घर. तिसरा रस्ता ठाऊक नाय तिला."

"मघाशी ती लाल दाखवलीस तीपण डॉक्टरचीच," यासीन म्हणाला. "एवढे डॉक्टर आहेत तर लांज्याची माणसं आजारी कशाला पडतात रे?"

"मग डॉक्टरांनी गाड्या कशाच्या जिवावर घ्यायच्या, यासीनभाय?" महिपत खो खो हसला.

नाझिया हसली नाही. ती वाचून आली होती. दारांच्या फटी सारख्या आहेत का ते तिने बघितलं, टायरांच्या खाचांत नख घालून बघितलं, मागच्या सीटचा पट्टा पुन्हा पुन्हा हिसका देऊन ओढला. पाण्यात बुडालेल्या गाडीला कुबट वास येतो हेही तिला माहीत होतं. ती आत बसून, काचा बंद करून, डोळे मिटून हुंगत राहिली. मोगऱ्याच्या अत्तराची बाटली आरशाला टांगलेली, तिच्याखाली दुसरा कसलाच वास नव्हता. खाली वाकली तर तळाला काळाकुळकुळीत रंग.

"अंडरकोटिंग नवं करून दिलंय, ताई. असं कोण करून देत नाय."

नाझियाला ते फारच आवडलं. याच वेळी अम्मींनी मागच्या चाकांकडे बोट दाखवून ते मांजरांचं वाक्य म्हटलं. तीन मांजरं होती. एक लोळत होतं, एक झोपलेलं, आणि एक मान वर करून गाडीचा तळ चाटत होतं.

महिपतने पाय आपटला. "सावलीला बसतात हो चाची!"

सावली काय, त्या ओळीतल्या प्रत्येक गाडीखाली होती. पण हे नाझियाच्या ध्यानात आलं ते फार नंतर.

गाडी राजिवड्यात आली. पेढे वाटले, अम्मींनी दुआ मागून चारी चाकांवर पाणी शिंपडलं, आयातने मागच्या काचेच्या कोपऱ्यात चांदणीचं स्टिकर चिकटवलं. पहिल्याच सकाळी नाझिया दार उघडून बघते तर गाडीखाली मांजरं. मोहल्ल्यातली होती नव्हती तेवढी सगळी. आयात टाळ्या पिटायला लागली. तिने त्यांना नावं ठेवली, दूध मागितलं, आणि गाडी "मांजरांचं घर" झाली.

वरच्या मजल्यावर राजश्री राहायची, नाझियाची कॉलेजपासूनची मैत्रीण. तिच्या घरात अंडंसुद्धा शिजत नसे. तिला हौसेने बाजारात नेलं, तर बसल्याबसल्या तिने ओढणी नाकाला लावली.

"नाझिया, डिकीत सुके बोंबील ठेवलेस काय गो?"

"आमच्या घरात आलीस तरी हेच म्हणतेस!"

"तुमच्या घरात येतोच वास. पण इथे…"

"बाई, आमचे कपडे, आमच्या पिशव्या, आम्ही, सगळं एकाच वासाचं. तुझं नाक घरी ठेवून येत जा."

दोघी हसल्या. खरंच होतं ते. सासरे रशीद हयात होते तोवर मासळीचा व्यापार करायचे. त्यांचा टेंपो अंगणातच उभा असायचा. या घरात लग्न होऊन आल्यावर पहिले काही दिवस नाझियाला तो वास जाणवला असेल. पुढे नाकाने त्याची दखल घेणंच सोडून दिलं.

गाडी धुतली की लादीवर तांबडी भुकटी उरायची. नाझिया ती केरसुणीने गोळा करून माडाच्या मुळाशी टाकायची. जांभ्याच्या मुलखात तांबड्या भुकटीचं कोणाला काय वाटणार? चपलेला तांबडं, उशीच्या अभ्र्याला तांबडं, पोरांच्या गुडघ्यांना तांबडं. गाडीच्या पोटालाही तांबडं.

यासीन जहाजावर गेला. जाताना म्हणाला, "आता निर्धास्त झोपेन मी." नाझियाही झोपायला लागली होती.

पावसला माहेरी भावाचा साखरपुडा होता. तो आटोपून तिघी दुपारी परत निघाल्या. पुढे अम्मी, मांडीवर फणसाच्या गऱ्यांचा डबा; मागे आयात, पट्ट्यात बांधलेली, कापडी मांजराला गाणं शिकवत. गोळपचा सडा, तो उघड्या कातळाचा माळ, संपला आणि रस्ता भाट्याकडे उतरायला लागला. उजव्या हाताला खोल दरी, डाव्या हाताला जांभ्याची उभी कड आणि तिच्या पायाशी गटार.

पुढे एक रिक्षा चालली होती. मागच्या सीटवर बायका दाटीवाटीने बसलेल्या, एकीच्या खांद्यावरून बाळ मागे बघत होतं.

नाझियाने ब्रेक दाबला, आणि पाय खाली गेला. भरती ओसरल्यावर खाडीच्या गाळात पाय टाकावा, तो घोट्यापर्यंत, गुडघ्यापर्यंत जावा आणि तळ लागूच नये, तसा गेला. तिने पाय उचलून पुन्हा दाबला. पुन्हा गाळ. गाडी हळू व्हायच्या ऐवजी उताराचं ऐकायला लागली.

"सावकाश गो," अम्मी म्हणाल्या.

"अम्मी, डबा खाली ठेवा. काहीतरी घट्ट धरा."

"काय झालं?"

"धरा म्हणते ना!"

सासूवर ती आयुष्यात पहिल्यांदा ओरडली. अम्मींनी एकदा तिच्या तोंडाकडे बघितलं आणि कलमा म्हणायला सुरुवात केली. शेवटच्या घटकेला म्हणतात तो कलमा. मागे आयात गात होती. समोरचं बाळ आता एवढं जवळ आलं होतं की त्याच्या कपाळावरची काजळाची तीट दिसत होती. नाझियाने गिअर खाली ओढला, इंजिन किंचाळलं. आणखी एक खाली. हॉर्नवर तळवा ठेवला तो उचललाच नाही. हँडब्रेक खेचला तर मागून काहीतरी तुटल्याचा आवाज आला. उजवीकडे वळवावी तर दरी. पुढे बाळ. मग तिने दात आवळून गाडी डावीकडे, जांभ्याच्या कडेवर घातली.

कड गाडीला खरवडत गेली. दगड, पत्रा, काच, सगळं एकदम ओरडलं. डावी चाकं गटारात उतरली, गाडी कलली, फरफटली आणि थांबली. रिक्षा वळणापलीकडे गेली. तिच्यातल्या बायकांना काही कळलंसुद्धा नसेल.

गाणं थांबलं होतं.

त्या शांततेत नाझियाला मागे वळून बघायचं धाडस होईना. वळेपर्यंत पोरगी जिवंत आहे, असं काहीसं तिच्या मनात आलं. मग मागून आवाज आला, "मम्मी, माझं मांजर पडलं."

कपाळाला टेंगूळ, बाकी काही नाही. अम्मींचं मनगट मुरगळलं होतं. लोक धावले, तिघींना बाहेर काढलं, एका म्हातारीने आयातला आपल्या पदरात घेतलं. नाझिया रस्त्यावर बसली ती गाडीच्या उघड्या पडलेल्या पोटासमोरच. गाडी कलल्यामुळे उजवीकडचा सगळा तळ दिसत होता. काळा रंग खापराखापराने सुटला होता, आणि आत लोखंड नव्हतंच. खारीच्या बिस्किटासारखे तांबडे पापुद्रे, एकावर एक. ब्रेकची बारीक नळी त्या पापुद्र्यांतून कुजलेल्या देठासारखी लोंबत होती. सांध्यांमध्ये मिठाची पांढरी साय धरलेली.

तिने पुढे होऊन, आयातची सीट असेल तिथे, गाडीची किल्ली टोचली. किल्ली आत गेली. जोर लावावाच लागला नाही.

चार महिने तिची पोरगी त्या पापुद्र्यावर बसून मांजरांची गाणी म्हणत होती.

दुसऱ्या वर्षाच्या प्रात्यक्षिकात मिठाच्या पाण्यात खिळे ठेवून नाझियाने आठवडाभर त्यांची निरीक्षणं लिहिली होती. तेव्हा तिला बक्षीसही मिळालं होतं. डॉक्टर कुठला न् दवाखाना कुठला! मागच्या सीटा काढून कोणीतरी वर्षानुवर्षं या गाडीतून बर्फातली मासळी वाहिली होती. ते खारं पाणी झिरपत झिरपत तळ खात गेलं, आणि तो वास जगात कोणालाही आला असता, फक्त मासळीवाल्याच्या घरात येणार नव्हता.

अम्मी मुरगळलेलं मनगट धरून तिच्या शेजारी येऊन बसल्या.

"तुझ्या सासऱ्याच्या टेंपोचा तळ असाच गळून पडला होता," त्या म्हणाल्या. "त्याच्याखाली मांजरं बसायला लागली आणि टेंपो गेला. मला वाटलं, मांजरांचाच अपशकुन. तेवढंच माझ्या ध्यानात राहिलं बघ."

नाझियाने त्यांच्या खांद्यावर डोकं ठेवलं आणि मग मात्र तिला रडू आवरेना.

पुढचं सगळं यासीनचा चुलतभाऊ रेहान याने निस्तरलं. मोहल्ल्यातली चार वजनदार माणसं घेऊन तो लांज्याला गेला. महिपत आधी हसला, मग चिडला, मग हात जोडून म्हणाला, मलापण फसवलंय हो. गाडी त्याने परत घेतली. सर्वांदेखत म्हणाला, "ही आता भंगारात. माझ्या आईची शपथ."

नाझिया पुन्हा स्कूटरवर आली. राजश्री म्हणाली, सुटलात एकदाच्या. तसं वाटायला हरकत नव्हती. पण नाझियाचा हात सारखा फोनकडे जायचा. विकाऊ गाड्यांच्या जाहिराती ती बघत बसायची, जखमेवरची खपली काढावी तशी. आणि दीड-दोन महिन्यांनी तीच गाडी तिला दिसली. डावी बाजू नव्याने रंगवलेली, सीटना तपकिरी कव्हरं, खाली ओळ: डॉक्टरांची गाडी, एकहाती वापर. तिने फोटो बोटांनी मोठा केला. काचेच्या कोपऱ्यात चांदणी खरवडल्याचा डाग होता. मागच्या चाकाआडच्या काळोखात दोन डोळे चमकत होते.

तिने राजश्रीच्या फोनवरून फोन लावला.

"गेली ताई ती," महिपत म्हणाला. आवाज त्याने ओळखला नाही. "कालच गेली. दापोलीच्या बाजूला. नवरा-बायको होती, कडेवर लहान पोर. बाई फार चौकस हो, पट्टे ओढओढून बघत होती. दुसरी दाखवू?"

"कोणाला दिलीत? नाव सांगा त्यांचं. तळ कुजलाय तिचा, तुम्हाला ठाऊक आहे!"

फोन बंद झाला. पुन्हा लागलाच नाही. रेहान लांज्याला गेला, तर जागेला कुलूप. पोलिसांत अर्ज दिला, पोच मिळाली. कागदांवर अजून पहिलाच मालक आहे आणि त्याचा पत्ता लागत नाही. दापोलीला जाणाऱ्या एसटीच्या कंडक्टरांना नाझियाने खूण सांगितली, कृषी विद्यापीठात शिकणाऱ्या राजश्रीच्या भाचीला सांगितली. दापोलीकडचे घाट तिने फोनच्या नकाशावर बोटाने चढून-उतरून बघितले. हल्ली डोळे मिटले की तिला डंपर दिसत नाही. अनोळखी बाई दिसते. सीटचा पट्टा ओढून बघणारी, काचा बंद करून हुंगणारी, आणि मनाशी म्हणणारी, की पोरीभोवती भरपूर लोखंड आहे.

म्हणून भेटेल त्याला नाझिया हे सांगते, आणि आता तुम्हालाही ती सांगते आहे: तुम्ही दापोलीकडचे असाल, किंवा त्या बाजूला जाणार असाल, तर उंच, करड्या रंगाची गाडी कुठे उभी दिसली की क्षणभर थांबा. मागच्या काचेचा कोपरा बघा. मग खाली वाका. मांजरं असली तर ज्या घरासमोर गाडी आहे त्या घराचं दार वाजवा. दार उघडणारी बाई म्हणेल, ही तर डॉक्टरांची गाडी. म्हणू दे. तिच्या हातातून किल्ली घ्या, तळाला टोचून दाखवा. आणि तिचं लेकरू बरं आहे का, तेवढं विचारून मला कळवा.